दोन खोल्यांतली नेत्रपल्लवी

जानेवारीत आमच्या दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये सगळेच हाताची घडी घालून बसतात. सासूबाई शालीच्या आतून, नवरा स्वेटरवरून, मुलगा जॅकेटच्या बाह्या ओढून बोटं काखेत खुपसून. बाहेर पाच-सहा अंश, भिंती सरकारी आणि खिडक्यांच्या फटी त्याहून सरकारी. इथून बेर सराय जवळ आहे. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं तिथं ढिगानं मिळतात आणि त्यात मुलाखतीच्या तयारीसाठी म्हणून देहबोलीचीही असतात. तसलं एक मुलानं आणलं होतं. त्यात लिहिलं होतं की हाताची घडी म्हणजे समोरच्यापासून स्वतःला बंद करून घेणं. त्या हिशेबानं डिसेंबर ते फेब्रुवारी आमचं अख्खं घर एकमेकांशी अबोला धरून बसलेलं असतं.

रे बर्डव्हिसेल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं १९५२मध्ये शरीराच्या हालचालींच्या अभ्यासाची पहिली रीतसर मांडणी केली, तेव्हापासून तो एक गोष्ट सांगत राहिला: कुठल्याही हालचालीला सुटा, कायमचा अर्थ नसतो. कोण, कुठं, कुणासमोर, कशानंतर, हे काढून घेतलं की उरते ती नुसती हालचाल. पण ‘नाक खाजवलं म्हणजे खोटं बोलतोय’ अशी कोष्टकं छापायला आणि विकायला सोपी. बर्डव्हिसेल मागे पडला, कोष्टकं चालली.

तसल्याच पुस्तकांतला दुसरा लाडका आकडा म्हणजे ९३ टक्के. माणसाच्या बोलण्यातले ७ टक्के शब्द, ३८ टक्के आवाज आणि ५५ टक्के चेहरा, म्हणजे शब्दांना जवळजवळ किंमतच नाही. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या दोन प्रयोगांतून आले. प्रयोगांत होते सुटे शब्द, ते वेगवेगळ्या स्वरांत म्हटलेले, आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो. प्रश्न एवढाच होता की शब्द एक सांगतो आणि स्वर किंवा चेहरा दुसरं सांगतो, तेव्हा बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही हे ऐकणारा कशावरून ठरवतो. आपल्या आकड्यांचा याबाहेर वापर करू नका, असं मेहराबियन स्वतः सांगत आले. खरोखरच ९३ टक्के संवाद शब्दांविना होत असता, तर समोरच्या क्वार्टरमधल्या तमिळ मामींशी माझ्या पंधरा वर्षं रोज गप्पा झाल्या असत्या. त्यांचं हिंदी भाजीवाल्यापुरतं आणि माझं तमिळ शून्य. मामींबद्दल पुढं सांगायचंच आहे.

मराठी माणसाला या विषयासाठी बेर सरायला जायची खरं तर गरज नाही. आपली भाषाच शरीराच्या निरीक्षणांनी भरलेली आहे. नाक मुरडणं, डोळे वटारणं, तोंड फुगवणं, जीभ चावणं, मान वेळावणं, कपाळाला आठ्या घालणं, पाय आपटणं, आवंढा गिळणं. यातलं नाक मुरडणं आणि तोंड फुगवणं यांत केवढा फरक आहे पाहा. नाक मुरडणारी स्वतःला वरचढ समजते आणि तोंड फुगवणारी दुखावलेली असते. पहिलीची समजूत काढायला कुणी जात नाही, दुसरीची काढावी लागते. ज्या कुणी हे शब्द घडवले त्यांनी घरातल्या माणसांकडे फार बारकाईनं पाहिलं असणार.

आणि ‘करपल्लवी’, ‘नेत्रपल्लवी’ हे दोन शब्द तर खास. करपल्लवी म्हणजे नुसते हातवारे नव्हेत, ती बोटांची पक्की लिपी आहे. हाताचा नागाच्या फण्यासारखा आकार केला की स्वर, कमळासारखा केला की क-वर्ग, चक्र केलं की च-वर्ग, असं पुढं. मग जितकी बोटं दाखवाल तितवं अक्षर, आणि चुटक्या वाजवून काना-मात्रा. ‘ग’ हवा असेल तर कमळ आणि तीन बोटं. सासूबाईंच्या कऱ्हाडजवळच्या माहेरी त्यांच्या आजीला ती येत असे आणि मुलांना कळू नये असं काही असलं की ती जावेशी अशी बोलत असे. म्हणजे करपल्लवीत शब्दच असतात, फक्त ते तोंडाऐवजी हातानं उच्चारलेले. मूकबधिरांची सांकेतिक भाषा तर याहूनही पुढची: तिला स्वतःचं व्याकरण आहे, ती पुरी भाषा आहे, आणि तिला ‘हातवारे’ म्हणणं हा अडाणीपणा. नेत्रपल्लवीचं तसं नाही. तिला वर्णमाला नाही. पाहुणे बसलेले असताना मी नवऱ्याकडे एक नजर टाकते आणि तो उठून दूध आणायला जातो. कधी मात्र तो पाहुण्यांना जेवायलाच थांबवतो. ही लिपी दोघांनी मिळून घडवलेली असते, आणि तिचा कोश कुणीच लिहून ठेवलेला नसतो.

आमचं क्वार्टर म्हणजे पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर आणि मागं कपडे वाळत घालण्यापुरती बाल्कनी. एडवर्ड हॉल यांनी १९६६मध्ये माणसा-माणसांतल्या अंतरांवर पुस्तक लिहिलं आणि अंतरांचे चार पट्टे पाडले: साधारण ४५ सेंटिमीटरपर्यंत अगदी जवळच्यांचं, तिथून १.२ मीटरपर्यंत ओळखीच्यांचं, ३.६ मीटरपर्यंत कामकाजाचं आणि त्यापुढं सार्वजनिक. मी मोजून पाहिलं. आमची पुढची खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत साडेतीन मीटर भरते. म्हणजे हॉलच्या हिशेबानं आमच्या घरात सार्वजनिक अंतर मावतच नाही आणि दिवाण, कूलर, मुलाचं टेबल एवढं वजा केलं की कामकाजाचंही नाही. हॉल यांनी ही मापं मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मध्यमवर्गीय माणसांवरून घेतली होती आणि तसं स्पष्ट लिहिलंही होतं. ती जगभर लागू करायची हौस नंतरच्यांची.

मग दोन खोल्यांत चार माणसं एकांत कुठून आणतात? नजरेनं आणतात. मुलगा फोनवर आवाज उतरवून बोलायला लागला की नवरा वर्तमानपत्र थोडं वर धरतो. सासूबाई लुगडं नीट करायला उठल्या की मी ओट्याकडे वळते. ऐकू तर सगळं येतच असतं. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३मध्ये अनोळखी लोकांच्या अशा सभ्य दुर्लक्षावर लिहिलं: लिफ्टमध्ये, फुटपाथवर आपण दुसऱ्याची दखल घेतो आणि लगेच नजर काढून घेतो. आपल्याकडे याला कानाडोळा म्हणतात, आणि छोट्या घरात तो अनोळखी माणसांसाठी नसतो, तो घरच्यांसाठीच राखलेला असतो. सासूबाई सांगतात की त्यांच्या सासरच्या वाड्यात पुरुष माजघरात यायच्या आधी खाकरत. दारावर टकटक करायला दार बंद असावं लागतं, खाकरण्याला दाराची गरज नसते.

या वसाहतीची एक गंमत म्हणजे केंद्र सरकारच्या नोकरीनं देशभरातली डोकी एका जिन्यात आणून ठेवली आहेत. डोकी अक्षरशः. मामी एखाद्या गोष्टीला ‘बरं’ म्हणताना मान दोन्ही खांद्यांकडे लयीत झुलवतात. आम्ही नवीन आलो तेव्हा मी ते ‘नको’ समजले आणि भरून नेलेली कोशिंबिरीची वाटी परत घेऊन आले. आमच्या मराठी माना तशा कमी झुलतात, पण कीर्तनाला बसलं की त्याही डोलतात, आणि तेव्हा त्याचा अर्थ हो किंवा नाही यांपैकी काहीच नसतो.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात डोक्याच्या तेरा हालचाली सांगितल्या आहेत, नजरेच्या छत्तीस. डोक्याच्या पहिल्या दोन मला फार आवडतात. ‘आकंपित’ म्हणजे मान सावकाश वर-खाली करणं. ती खूण करताना, शिकवताना, प्रश्न विचारताना. तीच मान भराभर आणि पुष्कळदा हलवली की ‘कंपित’. ती राग, वाद, धमकी आणि असह्य झाल्याची. हालचाल एकच, फक्त वेग बदलला. माझ्या मुलाला अभ्यासाचं विचारावं. आधी आकंपित येते आणि तिसऱ्या प्रश्नाला कंपित सुरू होते.

भरतांनी आणखी एक वेगळी चूल मांडली आहे, ती सात्त्विक भावांची. ताठरणं, घाम, रोमांच, आवाज फुटणं, थरथर, रंग उतरणं, अश्रू आणि भान हरपणं, असे आठ. बाकी सगळा अभिनय हातापायांनी करता येतो, पण हे आठ मन तिथं असल्याशिवाय येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आजचं शरीरशास्त्र यातल्या बहुतेकांना स्वायत्त चेतासंस्थेच्या खात्यात टाकेल. हात आपण आवरू शकतो, अंगावरचा काटा आवरता येत नाही.

यातलं जन्मजात किती आणि शिकलेलं किती, याचं एक उत्तर मला बसस्टॉपवर मिळालं. आर. के. पुरमच्याच सेक्टर ५मध्ये नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचं केंद्र आहे, त्यामुळे पांढरी काठी घेतलेली मुलंमुली इथल्या रस्त्यांवर नेहमी दिसतात. एका संध्याकाळी दोन मुलगे बसची वाट पाहत होते. एक जण दुसऱ्याला कुणाचं तरी वर्णन करून सांगत होता, दोन्ही हात फाकवून पोटाचा घेर दाखवत. ऐकणाराही आंधळाच. मला आधी हसू आलं आणि मग मी विचारात पडले. हा घेर नक्की कुणासाठी?

जाना आयव्हर्सन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी १९९८मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. जन्मापासून न दिसणारी मुलं बोलताना हातवारे करतात, डोळस मुलांइतकेच, आणि ऐकणाराही आंधळा आहे हे माहीत असताना करतात. म्हणजे हात निदान काही अंशी बोलणाऱ्याच्याच विचाराला मदत करत असतात. चेहऱ्याचंही तसंच. डेव्हिड मात्सुमोतो आणि बॉब विलिंगहॅम यांनी २००४च्या अथेन्स पॅरालिम्पिकमधल्या अंध ज्यूदोपटूंचे जिंकल्या-हरल्याच्या क्षणांचे फोटो अभ्यासले. ज्यांनी जन्मात कुणाचा चेहरा पाहिलेला नाही, त्यांचे भाव डोळस खेळाडूंसारखेच होते. अंतिम सामना हरलेले खेळाडू पदक घेताना ते शिष्टाचाराचं, डोळ्यांपर्यंत न पोचणारं हसूही हसत होते. पाहुणे उठता उठत नाहीत तेव्हा आम्ही हसतो तसं.

हे सगळं वाचल्यावर मी एक वही केली. आता मागं वळून पाहते तेव्हा थोडी लाज वाटते, कारण घरच्या माणसांवर नोंदी ठेवणं हा पोलिसी प्रकार आहे, आणि मुलानं तो आठवडाभरात ओळखला. ‘आई, तू जेवताना माझ्याकडे असं काय बघतेस?’ त्याचं ऐकून मी त्याला वहीतून वगळलं. शिवाय मुलगा थाप मारतोय हे मला हटकून कळतं, या भ्रमावर २००६च्या एका मोठ्या आढाव्यानं पाणी ओतलं होतं. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी शेकडो प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाली. नाणं उडवलं तर ५०.

वहीत पानाच्या मधोमध रेघ मारली होती. डावीकडे फक्त जे दिसलं किंवा ऐकू आलं ते लिहायचं आणि उजवीकडे त्याचा मी लावलेला अर्थ. ऐकायला सोपं आहे. पहिल्या दिवशी डावीकडे मी लिहिलं: ‘सासूबाई रागावल्या.’ हे निरीक्षण नव्हे, हा निकाल आहे. खोडून लिहिलं: ‘ओट्याजवळून विचारलं, साखर पुरे का. उत्तर नाही. कप उचलला, माझ्याकडे पाहिलं नाही.’ उजवीकडे: ‘राग.’

रागाचं कारणही हाताशी होतं. दिवाळीत कऱ्हाडची जागा विकायचं ठरलं होतं. त्यांनी संमती दिली होती, पण मान खाली घालून. त्यानंतरचा सगळा हिवाळा आम्ही त्याच चष्म्यातून पाहिला. हाक मारली तर ओ देत नाहीत. मुलगा शाळेतलं काही सांगत असला तर वाक्य संपायच्या आधीच मान डोलावतात. सगळे हसून झाल्यावर हसतात. टीव्ही मोठ्यानं लावतात. नागपूरच्या बहिणीचा फोन आला की दोन मिनिटांत नातवाच्या हातात देतात. डावीकडची यादी वाढत चालली होती आणि उजवीकडे मी दर ओळीला तेच लिहीत होते. नवरा म्हणायचा, ‘आईला मी पन्नास वर्षं ओळखतो, ती अशीच रुसते.’

आमच्या इमारतींमधल्या लॉनवर हिवाळ्यात दुपारी बायका ऊन खात बसतात. सतरंज्या, लोकरीचे गुंडे, मटारच्या शेंगांच्या पिशव्या. मामी आणि सासूबाई तिथं रोज शेजारी बसत आणि वर्षानुवर्षं एकमेकींशी जवळजवळ काही न बोलता मटार सोलत. एका दुपारी मी सासूबाईंना न्यायला गेले तर मामींनी मला बाजूला घेतलं. आपल्या डाव्या कानाला बोट लावलं, मग तळहात आडवा हलवला. ‘नाही’ची ती खूण मात्र आमची दोघींची एकच निघाली. मग त्यांनी सासूबाईंकडे बोट केलं आणि उजवा कान दाखवून मान किंचित झुलवली: हा थोडा बरा आहे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मामी नेहमी सासूबाईंच्या उजव्या हाताला बसतात. किती दिवसांपासून, कोण जाणे.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. वयानं कमी होत गेलेली ऐकण्याची शक्ती, दोन्ही कानांची, डाव्याची जास्त. यात बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. त्यामुळे स, श, फ, थ अशी व्यंजनं धूसर होतात आणि त्यामानानं स्वर टिकून राहतात. माणसाला आवाज येतो पण शब्द कळत नाही. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज आधी हरवतात. फोनवर तर पाहायला ओठही नसतात. सासूबाई बऱ्याच काळापासून आमच्या ओठांवरून अंदाज बांधत होत्या. आणि जानेवारी आला की दिल्लीत सगळे तोंडावरून मफलर गुंडाळतात, आम्हीही. त्यांचा ‘राग’ थंडीबरोबर वाढला, याचं गूढ एवढंच होतं.

माझ्या वहीत डाव्या बाजूला हे सगळं होतं. एकूण एक खूण. कुठलाही डॉक्टर ती यादी वाचून पहिला प्रश्न कानाचा विचारेल. मी आणि नवऱ्यानं तो विचारला नाही, कारण आम्हाला सासूबाई ‘माहीत’ होत्या.

केनेथ सावित्स्की, बोअझ केसर, निकोलस एप्ली आणि त्यांचे सहकारी यांनी २०११मध्ये यावरच एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी २४ जोडप्यांना पाठमोरं बसवलं आणि एकमेकांना अशी रोजची वाक्यं बोलायला लावली ज्यांचे अनेक अर्थ निघतात. अर्थ फक्त स्वरावरून ओळखायचा. त्याच खोलीत अनोळखी माणसंही तीच वाक्यं ऐकत होती. बोलणाऱ्यांची खात्री होती की परक्यांपेक्षा आपल्या जोडीदाराला जास्त कळेल. प्रत्यक्षात जोडीदार आणि परके यांच्या गुणांत फरक निघाला नाही. मे महिन्यात मी ‘किती उकडतंय’ म्हणते तेव्हा कूलरमध्ये पाणी भर, हा माझा अर्थ असतो. नवरा ‘हो ना’ म्हणून पडून राहतो. तोच प्रयोग, फक्त पाठमोरे बसलेले नसतो.

त्याआधी १९९७मध्ये विल्यम स्वान आणि मायकल गिल यांनी दाखवलं होतं की नातं जितकं जुनं तितकी ‘मी याला ओळखतो’ ही खात्री वाढते, अचूकता त्या मानानं वाढत नाही. मला यात जोडप्यांची थट्टा दिसत नाही, काटकसर दिसते. परक्याला पाहताना आपण पाहण्याचे कष्ट घेतो. घरच्याच्या बाबतीत मागच्या पन्नास वर्षांची साठवण असते, मग ताज्या माणसाकडे कशाला बघा? मामींकडे सासूबाईंबद्दल काहीच साठवण नव्हती. त्यांना कऱ्हाडच्या जागेचं ठाऊक नव्हतं, पूर्वीचे रुसवे ठाऊक नव्हते, आणि शब्दांची सोय नसल्यामुळे मटार सोलताना समोर जे आहे ते पाहण्यावाचून त्यांना दुसरं काही करताच येत नव्हतं.

आता सासूबाईंना श्रवणयंत्र आहे. पहिला महिना त्यांनी त्याला शिव्या दिल्या, कारण त्यातून माणसांबरोबर मिक्सर आणि वरच्या मजल्यावरची खुर्चीही ऐकू येते. आम्ही काही सवयी बदलल्या. बोलताना मफलर खाली, बोलण्याआधी समोर जायचं, आणि त्या मागच्या खोलीत असतील तर हाक न मारता दिव्याचं बटण दोनदा खालीवर करायचं. पाहुण्यांना वाटतं आमच्याकडे वीज ये-जा करते.

रात्री नऊला त्या यंत्र काढून छोट्या डबीत ठेवतात आणि झाकण टक् करून लावतात. कधी मुलाचं बोलणं अर्ध्यात असताना, कधी मी जागेच्या कागदपत्रांचा विषय काढला की लगेच. परवा मी सरळ समोर बसून, मफलर खाली करून, तोंड मोठं उघडून विचारलं, ‘आई, आमच्या बोलण्याचा कंटाळा येतो का?’

‘नाही गं,’ त्या म्हणाल्या, ‘बॅटरी वाचवते.’

वहीत डावीकडे लिहिलं आहे: उजवी भुवई किंचित वर.